खप करणारी माणसे आली कोठून?

आजच्या भाषणासाठी जो विषय मी घेतला आहे, त्याचे नावच प्रथम थोडे अडचणीत टाकणारे आहे. लोक त्याला 'मार्केटिंग' म्हणतात. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या पंडितांनी 'विपणन' असा प्रतिशब्द घडविला. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे, परंतु तो उच्चारून एखाद्या दुकानदाराशी बोलणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही. माझ्या लहानपणी मुंबईहून येणारी आमची मावशी 'जरा मार्केटिंग करून येते' असे म्हणून पिशवी घेऊन निघे, आणि कोथिंबिरीची जुडी व दोन नारळ घेऊन परत येई. तिच्या लेखी तो शब्द घेण्याचा होता. आज तोच शब्द विकण्याचा झाला आहे. आपल्या भाषेत यासाठी एक साधा शब्द पूर्वीपासून आहे, तो 'खप'. माल करणारा एक आणि त्याचा खप करणारा दुसरा. या दुसऱ्या माणसाची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

या विषयाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन घरी आला. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. तिला या धंद्यात शिरावयाचे होते. त्यासाठी एका संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, असे तिला कोणी सुचविले होते, आणि त्याचे शुल्क ऐकून बापाच्या तोंडचे पाणी पळाले होते. मुलीने मला सरळ विचारले, "गुरुजी, एवढा एकच दरवाजा आहे का? पूर्वीची माणसे कुठून आत गेली?" प्रश्न इतिहासाचा होता, आणि इतिहासाच्या प्रश्नाला मास्तराने पाठ दाखविणे शोभत नाही. तथापि मी क्षणभर गप्प बसलो. त्याचे कारण तिच्या शेजारी बसलेला तिचा बाप.

१९८८ साली हाच मुलगा बारावी होऊन घरी बसला होता. एका कंपनीने त्याला घरोघर जाऊन एक यंत्र विकण्याचे काम देऊ केले होते. पगार बेताचा, वर विक्रीवर कमिशन, आणि गळ्यात टाय बांधावयाची अट. त्याचे वडील सल्ला विचारावयास माझ्याकडे आले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला आणि नुकताच नोकरीत कायम झालेला. त्या वयात मास्तराला जेवढी खात्री असते, तेवढी पुढे जन्मभर नसते. मी म्हणालो, "दारोदार हिंडून वस्तू खपविण्यासाठी का तुम्ही याला शिकविलेत?" मुलाने ते काम सोडले आणि एका गिरणीत कारकून म्हणून चिकटला. पंधरा वर्षांनी ती गिरणी बंद पडली. त्यानंतर त्याने एका घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या वह्या लिहून संसार केला. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्या दिवशी मात्र हसत हसत म्हणाला, "गुरुजी, मला तुम्ही अडविलेत, आता हिला काय सांगायचे तेही तुम्हीच सांगा."

मी त्या मुलीपाशी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत आणि पुढेही जे वाचले, जे आठवले, जे जुन्या मंडळींकडून समजून घेतले, त्यातील काही आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण मी स्वतः कितीतरी वेळा फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली, आणि वर्गातील एकूण एक मुलाला तिसऱ्या क्रमांकासाठी तयार केले! आमच्या पांढरपेशा घरांत विकण्याच्या कामाबद्दल जी एक सूक्ष्म नापसंती असते, तिचा मीही एक वाहक होतो. ज्यांच्या घरी पिढीजात पेढी होती, त्यांना हा प्रश्नच नव्हता. मारवाडी, गुजराती, लिंगायत वाणी यांच्या घरांत बारा-तेरा वर्षांचा मुलगा दुकानात येऊन बसे. आधी गादी झटकावी, पाणी भरावे. मग तागडी हाती यावी, मग वही, मग उधारीची वसुली, आणि शेवटी गावोगावची फिरती. सकाळची भवानी झाल्याशिवाय उधार द्यावयाचे नाही हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. शिक्षण उत्तम होते, पण ते नात्यागोत्याच्या कुंपणाआड होते. बाहेरचा मुलगा त्यात शिरला तरी फार तर गुमास्ता होई.

बाहेरच्या माणसाला वाट मिळाली ती नव्या मालामुळे, असे मला दिसून आले. धान्य, मीठ, कापड यांसाठी गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते. परंतु सायकल, लोखंडी नांगर, आयुष्याचा विमा, दंतमंजन या वस्तू कोणी मागतच नव्हते. त्या आधी समजावून द्याव्या लागत, आणि समजावून देणे हे शिकलेल्या माणसाचे काम. त्यामुळे या धंद्यातील पहिली नवी माणसे चित्रकला, छपाई, वकिली, अशा भलत्याच ठिकाणांहून आलेली आहेत. त्यांत एक मास्तरही आहे, आणि ही गोष्ट मला विशेष गोड वाटते.

तो मास्तर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले, पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नसत, म्हणून तो मार्ग खुंटला. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे असतानाच त्यांनी बेळगावी वडील बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचा व्यवसाय मांडला. सायकल ही त्या काळी एक नवलाची वस्तू होती. जी वस्तू चालविता येत नाही ती घेणार कोण? म्हणून विकणाऱ्यानेच आधी चालवावयास शिकवावे लागे. पुढे आपल्या हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले.

पहिला लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला. नांगर झाला, पण घेणारा मिळेना. सुमारे दोन वर्षे तो माल तसाच पडून होता. लोखंडामुळे जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता, ही हकीकत आपण सर्वांनी वाचलेली आहे, आणि ती वाचताना आपण शहरातील माणसे थोडेसे हसतो. परंतु खेड्यात नोकरी केलेल्या मला त्यात दुसरी एक गोष्ट दिसते. लाकडी नांगर गावचा सुतार करी. तो मोडला तर सुतार तिथेच होता, आणि त्याचे बलुते सुगीच्या वेळी धान्यात चुकते होई. लोखंडी नांगराला रोकड हवी. त्याचा फाळ झिजला तर नवा कोण देणार? ऐन पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर कोणाच्या दारात जावयाचे? 'विष चढते' या दोन शब्दांच्या पोटी ही सगळी भीती असली पाहिजे. नांगर विकणाऱ्याला उत्तर द्यावयाचे होते ते या भीतीला. विषाबद्दल कितीही वाद घालून एकही नांगर गेला नसता. पुढे नांगर खपले, इतके की १९१० साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. आमच्या भागातील रेल्वेने जाताना ते स्थानक लागले, की मी मुलांना नांगर कसा तयार झाला हे सांगत असे. तो खपला कसा, हे मात्र मी एकदाही सांगितले नाही.

त्याच किर्लोस्करवाडीत दुसरा एक मनुष्य निराळ्याच वाटेने आला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, ज्यांना महाराष्ट्र 'शंवाकि' म्हणून ओळखतो. ते शिकले चित्रकला, आणि त्यांच्याकडे काम आले ते कारखान्याच्या मालाची जाहिरात आणि विक्री पाहण्याचे. गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती कळावी म्हणून १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक लहानसे पत्रक सुरू केले. नुसती नांगराची किंमत महिन्याला एकदा छापून कोण वाचणार? म्हणून त्यात धंद्याच्या गोष्टी, उद्योगी माणसांची चरित्रे, आरोग्य, व्यंगचित्रे असे एकेक येत गेले. वाचक वाढले, नांगर बाजूला राहिला, पुढे 'खबर' हा शब्दही गळाला, आणि मराठीतील एक आघाडीचे मासिक उभे राहिले. त्यामागून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांतील किती घरांनी ही मासिके डोळ्यांत तेल घालून वाचली असतील! त्यांचे मूळ एका कारखान्याच्या जाहिरातखात्यात होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिले.

आमच्याच बाजूला, साताऱ्यास, १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले या वकिलांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. विम्याचा माल हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याची उपयुक्तता पटवावयाची म्हणजे गिऱ्हाइकाच्या मरणाचा विषय त्याच्याच ओटीवर बसून काढावयाचा! त्यामुळे विमा एजंट समोरून येताना दिसला की माणसे रस्त्याची बाजू बदलीत. परंतु ज्या घरांत विकण्याची परंपरा नव्हती, अशा हजारो सुशिक्षित माणसांना विक्रीची पहिली ओळख या एजन्सीनेच करून दिली. भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही. लागते ती ओळखपाळख आणि नकार पचविण्याची ताकद. १९५६ च्या सप्टेंबरात २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि मग ही वाट आणखी रुंद झाली. नोकरीच्या नियमांमुळे आम्हां शिक्षकांना एजन्सी घेता येत नसे. माझ्या परिचयाच्या दोघा शिक्षकांच्या पत्नींच्या नावे एजन्सी होती. फॉर्मवर सह्या त्या बाई करीत, आणि संध्याकाळी पिशवी घेऊन फिरताना दिसत ते हे दोघे. असो.

आता मुंबईकडे वळू. काशीनाथुनी नागेश्वर राव हे आंध्रातील गृहस्थ औषधांच्या धंद्यात उमेदवारी करीत कलकत्त्यास राहून मुंबईस आले, आणि १८९३ साली त्यांनी 'अमृतांजन' हा मलम काढला. गाण्याच्या बैठकींना जाऊन ते त्याचे नमुने श्रोत्यांना फुकट वाटीत, असे सांगतात. जागा कशी अचूक निवडली पहा! रात्र रात्र मांडी घालून बसलेला, डोके जड झालेला, पदरी दोन पैसे असलेला रसिक याहून चांगला कोठे सापडणार? नमुना फुकट देणे म्हणजे माल फुकट घालविणे, असे समजणारे दुकानदार आजही आहेत.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछपाई अशा वाटा तुडवून त्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार केला. मुंबईत तो चालला. परंतु सुरतेस गाठ पडली ती हिशेबी प्रेक्षकांशी. दोन आण्यांत सहा सहा तास नाटक पाहावयास मिळत असता दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात बदलली. खेळ किती वेळ चालतो हे न सांगता त्यात छायाचित्रे किती हजार आहेत आणि चित्राची फीत किती मैल लांब आहे हे सांगितले. सत्तावन हजार चित्रे, दोन मैल लांबी, आणि दर तोच, तीन आणे. लोक आले.   पण मला कबूल केले पाहिजे की ही हकीकत त्या मुलीला सांगताना मी थोडा अडखळलो, कारण खरे बोलून माणसाचे लक्ष दुसरीकडे वळविणे ही या धंद्याची नाजूक जागा आहे, आणि सगळेच काही फाळके नसतात.

दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करून देणे हाच व्यवसाय, असे करणारी जुन्यात जुनी देशी संस्था म्हणून गिरगावातील बी. दत्ताराम या कंपनीचे नाव घेतले जाते. वर्ष १९०५, म्हणजे स्वदेशीच्या चळवळीचे. अशा कचेऱ्यांना चित्रकार हवे असत, त्यामुळे कुंचला हीही एक मोठी वाट झाली. कोल्हापुरास बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. पलीकडे कलकत्त्यात १९४३ साली डी. जे. कीमर या इंग्रजी जाहिरात कंपनीत सत्यजित राय नावाचा बावीस वर्षांचा तरुण ऐंशी रुपये दरमहावर चित्रे काढण्याच्या कामावर लागला, आणि पुढे चित्रपटांकडे वळेपर्यंत तेथेच होता.

एव्हाना परदेशी कंपन्यांनी पाय रोवले होते. सनलाईट साबणाच्या पेट्या १८८८ सालीच कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या होत्या. १९२९ साली जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकन जाहिरात कंपनी जनरल मोटर्सच्या मोटारींसाठी मुंबईत आली. आणि १९३७ साली लीव्हर मंडळींनी डालडा बाजारात आणला. साजूक तुपाशिवाय सणाचा घास न घेणाऱ्या देशात वनस्पती तूप खपवावयाचे! त्यांनी डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांतून फिरविली, चित्रफिती दाखविल्या, चव्हाट्यावर चुली मांडून पदार्थ तळून लोकांना खाऊ घातले. आमच्या आजीने डालडा घरात येऊ दिला नाही तो नाहीच. पण तिच्या सुनेने दिवाळीच्या शंकरपाळ्यांपुरता तो आणला, आणि पुढे डब्याचा उपयोग तुळस लावण्याकडे झाला. घरात वस्तू कशी शिरते याचा हा आमचा घरगुती इतिहास.

त्याच १९३७ साली याच कंपनीत प्रकाश टंडन नावाचा पंजाबी तरुण दाखल झाला. इंग्लंडात शिकून तो हिशेबतपासनीस होऊन आला होता. त्याची नेमणूक झाली ती जाहिरातखात्यात, आणि तेथून तो बाजारपाहणीच्या कामास लागला. लोक कोणता साबण वापरतात, किती दिवस पुरवितात, घरात तो विकत कोण घेते, हे अंदाजाने न ठरविता विचारून लिहून काढावयाचे, हे त्या काळी नवे होते. हे टंडन १९६१ साली हिंदुस्थान लीव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. आकडा जाणणारा मनुष्य या धंद्यात कसा उपयोगी पडतो हे यावरून दिसते. आणि वाणिज्याची पदवी घेतलेल्या आपल्या या मुलीला माझ्या सांगण्यातील सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटली, असे तिने नंतर सांगितले.

आता पदवीचा दरवाजा. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली. पण तेथे शिकलेला विद्यार्थी बहुधा बँकेत किंवा हिशेबखात्यात जाई. व्यवस्थापनाचे स्वतंत्र शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्था कलकत्ता आणि अहमदाबाद येथे १९६१ साली सुरू झाल्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. म्हणजे ज्या दरवाजाला आपण आज एकमेव दरवाजा समजतो तो बसविला जाण्यापूर्वी नांगर, विमा, मलम, चित्रपट, साबण आणि डालडा हे सगळे खपून गेले होते!

याचा अर्थ पदवी निरुपयोगी, असे मी म्हणणार नाही. ज्याला हजार दुकानांचा हिशेब एका कागदावर मांडून कोठे माल अडतो ते पाहावयाचे आहे, त्याला तसे शिक्षण लागते. मोठ्या कंपन्या वरच्या जागांसाठी अशा संस्थांतूनच माणसे उचलतात, हेही खरे. माझी तक्रार एवढीच आहे, की पदवी आली तसे आम्ही शिक्षक आणि पालक हिशेब उलटा मांडू लागलो. टाय लावून वातानुकूलित खोलीत बसणारा तो मार्केटिंगवाला, आणि उन्हात पिशवी घेऊन दुकाने पालथी घालणारा तो नुसता सेल्समन. पहिल्याला मुलगी द्यावयाची, दुसऱ्याला पाणीसुद्धा विचारावयाचे नाही! औषधांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी पहा. विज्ञानाची पदवी घेतलेली ही मुले डॉक्टरांच्या दारात रोग्यांबरोबर तासन् तास बसून दोन मिनिटांची भेट मिळवितात. त्या दोन मिनिटांत काय बोलावे हे ज्याला साधले, त्याला पुढे विक्रीच्या वरच्या जागा मिळाल्याची कितीतरी उदाहरणे प्रत्येक शहरात आहेत.

आणि बाजूची वाट पुढेही बुजली नाही. नागपूरकडून मुंबईस आलेले केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली विको कंपनी काढली, आणि त्यांचे मुलगे दंतमंजन घेऊन घरोघर फिरले. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल हे सरकारी नोकरीतील रसायनतज्ज्ञ घरी कपडे धुण्याची पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकू लागले. तीच पुढे 'निरमा'. किलोला सुमारे तीन रुपये भाव. आणि पावडर वाईट निघाली तर परत आणा, विकणारा उद्या याच रस्त्याने जाणार आहे, ही हमी. १९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली, आणि तिने तर घरोघर जाऊन यंत्रे विकण्याचीच पद्धत केली. तेथे उन्हातान्हात फिरलेली कितीतरी तरुण मंडळी पुढे निरनिराळ्या कंपन्यांत मोठ्या हुद्द्यांवर गेली. ही शेवटची हकीकत सांगताना मी माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

एक प्रश्न बापाच्या मनात होता, तो त्याने चहा घेता घेता काढला. "गुरुजी, ही सगळी पुरुषांची नावे झाली. मुलीच्या जातीने परक्या दारात एकटे उभे राहायचे, त्याचे काय?" प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला गिरगावातील सात बायकांची गोष्ट सांगितली. १९५९ च्या मार्चात ऐंशी रुपये उसने घेऊन त्यांनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, पहिली चार पाकिटे भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ठेविली, आणि तेथून 'लिज्जत' सुरू झाला. त्या बायका परक्या दारात उभ्या राहिल्या नाहीत, ओळखीच्या दुकानात गेल्या. जेथून पाऊल घट्ट पडेल तेथून त्यांनी सुरुवात केली. बापाचे समाधान झाले की नाही कोण जाणे. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, तुमच्या शेठजींच्या ओळखीची दुकाने आहेतच की."

या ठिकाणी रेडिओबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. या माध्यमावर विक्रीची भाषा फार उशिरा आली. आकाशवाणी जाहिराती घेत नसे, तेव्हा साबणवाले व दंतमंजनवाले समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवर गेले, आणि १९५२ पासून अमीन सयानींच्या आवाजाने घरोघरच्या संध्याकाळी काबीज केल्या. विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली. आज ते सगळे हातातल्या फोनवर येऊन बसले आहे, आणि त्यातील बारकावे त्या मुलीला माझ्यापेक्षा पुष्कळच अधिक कळतात, तेव्हा त्याबद्दल मी बोलत नाही.

तिने काय केले, हे सांगून मी आपली रजा घेतो. संस्थेचा अर्ज तिने फाडला नाही, एक वर्ष पुढे ढकलला. वडिलांच्याच घाऊक व्यापाऱ्याकडे मसाल्याच्या पुड्यांची मागणी नोंदविण्याचे काम तिने धरले. आठवड्यातून पाच दिवस स्कूटरवरून चाळीसएक दुकाने करते. पहिल्या महिन्यात तिला अकरा दुकानदारांनी दारातूनच परत पाठविले. ती आकडा विसरलेली नाही, वहीत लिहून ठेविला आहे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने दिलेले कारणही. त्यातील एकाचे कारण 'पुड्या ओलसर निघतात' असे होते. तिने ते कारखानदारापर्यंत पोचविले, आणि पुडीचा कागद बदलला गेला.

गेल्या शनिवारी ती एक हस्तपत्रक घेऊन माझ्याकडे आली. दुकानांत वाटण्यासाठी मजकूर तिने स्वतः लिहिला होता, आणि शुद्धलेखन तपासून हवे होते. मी चष्मा लावून तांबडी शाई घेतली. दोन ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले आणि एक अनुस्वार दिला. बाकी मजकुरात मला हात घालण्यासारखे काही सापडले नाही.